‘ई’ जीवनसत्त्वाची आठ रूपं: तेल, चटणी आणि कॅप्सूल कशी निवडावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही औषध दुकानात जा, ‘ई’ची हिरवी मऊ कॅप्सूल मागितली की पट्टी लगेच हातात येते. केस गळतात म्हणून, चेहऱ्यावर डाग आहेत म्हणून, पायात गोळे येतात म्हणून, शेजारणीला फॅटी लिव्हरसाठी लिहून दिली होती म्हणून. त्या कॅप्सूलमध्ये नेमकं कोणतं ‘ई’ आहे, किती आहे आणि ते आपल्या ताटात आधीच किती येतं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. या लेखात ते टप्प्याटप्प्यानं पाहू. ज्यांनी आजवर फक्त नाव ऐकलंय त्यांनी पहिल्या पायरीपासून वाचावं. हातात पट्टी असेल तर सरळ सहाव्या पायरीवर जा, पण आठवी वाचल्याशिवाय गोळी घेऊ नका.

पहिली पायरी: आठ नावं आणि त्यातलं एक

‘ई’ हे आठ पदार्थांच्या कुटुंबाचं नाव आहे. चार टोकोफेरॉल: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. आणि चार टोकोट्रायएनॉल, त्यांचीही हीच चार नावं. रेणूचे दोन भाग असतात, डोक्याकडे एक कडं आणि मागे लांब शेपूट. टोकोफेरॉलच्या शेपटीत दुहेरी बंध नसतो, टोकोट्रायएनॉलच्या शेपटीत तीन असतात. अल्फा की गॅमा हे ठरतं कड्यावर किती मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे) बसलेत यावरून: अल्फावर तीन, बीटा आणि गॅमावर दोन (पण वेगवेगळ्या जागी), डेल्टावर एक.

रचनेतला फरक एवढासाच, पण शरीर तो काटेकोरपणे पाळतं. आठही रूपं तेलातुपाबरोबर आतड्यातून शोषली जातात आणि यकृतापर्यंत पोचतात. तिथं एक प्रथिन असतं, अल्फा-टोकोफेरॉल ट्रान्सफर प्रोटीन. ते अल्फा-टोकोफेरॉल उचलून पुन्हा रक्तात पाठवतं. बाकीच्यांचं बहुतांश विघटन होऊन ते लघवी आणि पित्तावाटे बाहेर जातात. म्हणून तुम्ही गॅमा भरपूर खाल्लं तरी रक्तात राज्य अल्फाचंच. हे प्रथिन जन्मतःच सदोष असलेल्या मोजक्या माणसांना नीट खाऊनपिऊनही ‘ई’ची कमतरता होते: तोल जातो, हातापायांची संवेदना मंदावते. या एका प्रथिनावर किती अवलंबून आहे ते यावरून कळतं.

म्हणून पोषणाच्या तक्त्यांत आणि शिफारशींत ‘ई’ म्हणजे अल्फा-टोकोफेरॉल धरतात. गॅमा म्हणजे कचरा, असा मात्र अर्थ काढू नका. नायट्रोजनपासून तयार होणारे काही घातक रेणू गॅमा पकडतो, अल्फाला ते तितकं जमत नाही. टोकोट्रायएनॉल प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमला आवर घालतात, पण माणसांवरच्या चाचण्यांत एकसारखा फायदा दिसलेला नाही. एवढ्या पुराव्यावर टोकोट्रायएनॉलच्या महागड्या कॅप्सूल घेणं पटण्यासारखं नाही.

अल्फाचं मुख्य काम पेशीच्या आवरणात. तिथल्या चरबीला ऑक्सिजनची झळ लागली की एका रेणूकडून दुसऱ्याकडे बिघाड पसरत जातो. अल्फा ती साखळी मध्येच तोडतो आणि स्वतः खर्ची पडतो. ‘सी’ जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामावर उभं करतं.

दुसरी पायरी: किती लागतं

भारतीय शिफारशींत प्रौढांसाठी दिवसाला साधारण ७.५ ते १० मिलिग्रॅम हा आकडा वापरतात. आहारात बहुअसंतृप्त तेल (सूर्यफुलासारखं, हवेनं लवकर बिघडणारं) जितकं जास्त, तितकी गरज वाढते. अमेरिकेची शिफारस १५ मिलिग्रॅम आहे, अंगावर पाजणाऱ्या आईसाठी १९. रोजच्या हिशेबाला ८ ते १० धरा, १५ पर्यंत गेलं तर चांगलंच.

नुसत्या आहारामुळे निरोगी माणसात स्पष्ट कमतरता होणं दुर्मीळ आहे. ती होते चरबी न पचण्याच्या आजारांत: पित्त अडलेलं असणं, दीर्घ कावीळ असलेली बाळं, आतड्याचा क्रोन्स आजार, स्वादुपिंडाचे विकार. वेळेआधी जन्मलेल्या बाळातही होऊ शकते. तिथं साधी कॅप्सूल शोषली जात नाही, कारण तेल शोषायला पित्त लागतं. अशा मुलांना डॉक्टर पाण्यात मिसळणारं वेगळं रूप देतात. घरच्या घरी कॅप्सूल फोडून बाळाला पाजणं हा त्याला पर्याय नाही.

तिसरी पायरी: घरातलं तेल मोजा

आपल्याकडे ‘ई’चा सगळ्यात मोठा वाटा फोडणीच्या तेलातून येतो, म्हणून हिशेब तिथूनच सुरू करायचा. महिन्याचं तेल ग्रॅममध्ये लिहा, ३० नं भागा, मग घरातल्या खाणाऱ्या माणसांच्या संख्येनं भागा. पाच माणसांत महिन्याला ३ किलो तेल लागत असेल तर माणशी दिवसाला २० ग्रॅम. तेल लिटरनं घेत असाल तर एक लिटर म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम धरा. तळणीनंतर उरलेलं, टाकून दिलेलं तेल आधीच वजा करा, नाहीतर आकडा फुगतो.

आता १०० ग्रॅम तेलात अल्फा-टोकोफेरॉल साधारण किती असतं ते पाहा. बियाण्याच्या वाणाप्रमाणे आणि तेल शुद्ध करण्याच्या पद्धतीप्रमाणे हे आकडे थोडे मागेपुढे होतात.

- सूर्यफूल: ४१ मिलिग्रॅम
- सरकी: ३५
- करडई: ३४
- राइस ब्रान, म्हणजे भाताच्या कोंड्याचं: ३२, शिवाय टोकोट्रायएनॉल
- पाम: १६, तेही टोकोट्रायएनॉलसह
- शेंगदाणा: १६, आणि जवळपास तेवढाच गॅमा
- सोयाबीन: ८, पण गॅमा ६० च्या पुढे
- तूप: ३ च्या आसपास
- तीळ: १ ते २, बाकी बहुतेक गॅमा
- खोबरेल: जवळपास शून्य

म्हणजे २० ग्रॅम सूर्यफूल तेलातून ८ मिलिग्रॅम मिळतं, तेवढ्याच गोडेतेलातून ३, सोयाबीनमधून दीड. कारवारकडे किंवा गोव्याच्या बाजूला बराचसा स्वयंपाक खोबरेलात होतो, त्या घरांनी ‘ई’ची भरपाई बिया आणि पालेभाज्यांतून करावी.

मग सगळ्यांनी सूर्यफूलच वापरावं का? आमचं मत तसं नाही. सूर्यफुलात बहुअसंतृप्त चरबी जास्त, त्यामुळे तिला सांभाळायला ‘ई’ही जास्त खर्च होतं. शिवाय एकाच तेलावर वर्षभर राहण्यापेक्षा दोन तेलं आलटून पालटून वापरणं बरं. विजापूर भागातल्या काळ्या रानात रब्बीला करडई होते. तिचं घाण्यावरचं तेल मिळालं तर निम्मं गोडेतेल, निम्मी करडई अशी जोडी करा. १०-१० ग्रॅम घेतलं तर ५ मिलिग्रॅम अल्फा तेलातूनच येतं आणि चवही आपल्या ओळखीची राहते.

खरेदीला गेल्यावर डब्यावर कन्नड आणि इंग्रजीच असतं. कन्नडमध्ये शेंगा एण्णे म्हणजे गोडेतेल, सूर्यकांती एण्णे म्हणजे सूर्यफुलाचं, कुसुबी एण्णे म्हणजे करडईचं. मिश्र तेलाच्या पाकिटावर कोणतं तेल किती टक्के हे छापलेलं असतं, ते वाचून वरच्या यादीशी ताडून बघा. पाकिटावर निळी ‘प्लस एफ’ खूण असेल तर त्यात ‘ए’ आणि ‘डी’ जीवनसत्त्व घातलेलं आहे, ‘ई’ नव्हे. इथं पुष्कळ जण फसतात. घटकांच्या यादीत ३०६ किंवा ३०७ असा क्रमांक दिसला तर टोकोफेरॉल मिसळलेलं आहे, पण ते तेल खवट होऊ नये म्हणून, अगदी थोडं.

घाण्याचं तेल की रिफाइंड? रिफाइंड करताना वास घालवण्यासाठी तेल कमी दाबाखाली खूप तापवतात, त्यात ‘ई’चा काही भाग निघून जातो. तरी उरतं ते बऱ्यापैकी असतं. घाण्याच्या गोडेतेलात मुद्दा वेगळाच आहे: शेंगा बुरशी लागलेल्या असतील तर बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तेलात उतरतं. रिफायनिंगमध्ये ते बहुतेक निघून जातं, घाण्यावर नाही. खानापूर-जांबोटीच्या पावसात पोत्यातल्या शेंगांना दमटपणा धरतो. म्हणून घाण्याला देण्याआधी दाणे पसरून निवडा. काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे फेकून द्या. पेंडीतही घालू नका, कारण ते विष म्हशीच्या दुधातून परत आपल्याकडेच येतं.

चौथी पायरी: चटण्या आणि बिया

भाकरीबरोबर लागणारी चटणी हा आपला दुसरा मोठा साठा. १०० ग्रॅम शेंगदाण्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास अल्फा असतं, म्हणजे एका मुठीत, ३० ग्रॅममध्ये, अडीच मिलिग्रॅम. भाजल्यावर थोडं कमी. सूर्यफुलाच्या बियांत १०० ग्रॅमला ३५, बदामात २५, म्हणजे दहा बदामांतून ३ मिलिग्रॅम. काजू खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात मुबलक, पण त्यात ‘ई’ एकाच्या आसपास. ते इतर गुणांसाठी खा. अर्धी वाटी शिजवलेल्या पालकातून सुमारे २ मिलिग्रॅम मिळतं.

कारळ्यातलं टोकोफेरॉल बहुतांश अल्फा प्रकारचं असतं, तर जवस आणि तीळ यांतलं गॅमा प्रकारचं. तिळाबद्दल एक खास गोष्ट: त्यातलं सेसामिन गॅमाचं विघटन करणाऱ्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे तीळ खाणाऱ्यांच्या रक्तात गॅमा वाढलेला दिसतो. दुकानात मागताना कारळ्याला गुरेळ्ळु आणि जवसाला अगसी म्हटलं की काम होतं.

चटणी करताना चूक होते ती भाजण्यात आणि साठवण्यात. दाणे मंद आचेवर, तडतड सुरू होऊन खमंग वास येईपर्यंतच भाजा. काळपट झाले की तेलकट भाग जळतो आणि ‘ई’ जातं. पूर्ण गार झाल्यावरच कुटा. कुटलं की बियांतली चरबी हवेला उघडी पडते, म्हणून महिन्याभराची चटणी एकदम करण्यापेक्षा दहा-पंधरा दिवसांपुरती करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. जवसाची चटणी सगळ्यात लवकर खवट होते, ती त्याहून थोडी.

एका साध्या दिवसाची बेरीज: गोडेतेल-करडई मिळून ५, मूठभर दाणे अडीच, पालेभाजीतून दीड-दोन. झाले ९. यात कॅप्सूलची कुठंच गरज पडली नाही.

पाचवी पायरी: तेल राखणं

उजेड, उष्णता, हवा आणि तांबं हे ‘ई’चे शत्रू. शेगडीच्या बाजूला पारदर्शक बाटलीत तेल ठेवू नका. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या फळीवर ठेवा. तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नका, तांब्यामुळे तेल झपाट्यानं बिघडतं. डबा धुऊन पूर्ण वाळवल्यावरच नवं तेल ओता. तळाशी राहिलेलं जुनं तेल नव्यालाही खवट करतं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यातलं अल्फा सगळ्यात आधी संपतं. एकदा तळून गाळलेलं तेल दोन-तीन दिवसांत फोडणीला वापरून टाका. फेस येणारं, काळसर, चिकट झालेलं टाकून द्या. खवट वास आला म्हणजे त्यातलं ‘ई’ आधीच खर्ची पडलंय, वासाकडे दुर्लक्ष करून ते पोटात घालण्यात काहीच फायदा नाही.

सहावी पायरी: कॅप्सूलवरचं नाव वाचा

पट्टी उलटी करा आणि घटकाचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. पुढे नुसतं ‘डी-अल्फा’ असेल तर ते वनस्पती तेलातून काढलेलं, नैसर्गिक रूप. ‘डीएल-अल्फा’ असेल तर कारखान्यात बनवलेलं. कृत्रिम प्रकारात अल्फाच्याच आठ वेगवेगळ्या मांडण्या मिसळलेल्या असतात आणि यकृतातलं ते प्रथिन त्यांतल्या चारच नीट टिकवतं. म्हणून वजनाला सारखं असूनही कृत्रिम कमी उपयोगी पडतं. काहीच अक्षर नसेल, फक्त ‘टोकोफेरिल अ‍ॅसिटेट’ असेल, तर बहुधा कृत्रिमच समजा. ‘अ‍ॅसिटेट’ म्हणजे टिकाऊपणासाठी जोडलेला भाग, तो आतड्यात सुटून जातो, त्याची काळजी नको.

एककांचा घोळ असा: नैसर्गिक रूपात १ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) म्हणजे ०.६७ मिलिग्रॅम. कृत्रिमात १ आययूमधून शरीराला टिकवता येईल असं फक्त ०.४५ मिलिग्रॅम. म्हणून ४०० आययू नैसर्गिक कॅप्सूल म्हणजे २६८ मिलिग्रॅम, तर ४०० मिलिग्रॅमची, म्हणजे ४०० आययूची, कृत्रिम अ‍ॅसिटेट कॅप्सूल म्हणजे कामाचं १८० मिलिग्रॅम. हे कमी वाटलं तरी दिवसाच्या १० मिलिग्रॅमच्या गरजेच्या अठरा पट झालं. ‘रोज एक साधी व्हिटॅमिनची गोळी’ म्हणून हिच्याकडे पाहू नका, हा औषधाचा डोस आहे.

‘मिक्स्ड टोकोफेरॉल’ लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये गॅमा आणि डेल्टाही असतात. नुसतं अल्फा मोठ्या डोसनं घेतलं की रक्तातला गॅमा घटतो, एवढं खरं. पण मिक्स्ड घेतल्यानं आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही.

गोळी जेवणाबरोबरच, तेही तेल-तुपाच्या जेवणाबरोबर घ्यायची. उपाशीपोटी चहाबरोबर घेतली तर पुरेशी शोषली जात नाही.

सातवी पायरी: कशासाठी घेताय?

हृदयासाठी घेत असाल तर थांबा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत ४०० आययू नैसर्गिक ‘ई’ घेऊन हृदयविकार कमी झाले नाहीत, आणि तीच माणसं पुढे पाहिली तेव्हा, २००५ मध्ये, घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर अधिक आढळलं. पुरुषांसाठी ‘सिलेक्ट’ चाचणी अधिक महत्त्वाची: ३५ हजारांहून जास्त पुरुष, रोज ४०० आययू कृत्रिम ‘ई’. २०११ च्या निकालात प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पन्नाशीपुढच्या पुरुषांनी ताकदीसाठी ही कॅप्सूल वर्षानुवर्षं घेऊ नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

फॅटी लिव्हरला खरा आधार आहे, पण मर्यादित. २०१० च्या ‘पिव्हेन्स’ चाचणीत मधुमेह नसलेल्या, यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत सूज सिद्ध झालेल्या रुग्णांना ९६ आठवडे रोज ८०० आययू नैसर्गिक ‘ई’ दिलं. ४३ टक्के रुग्णांत सुधारणा झाली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी’ आलं म्हणून सगळ्यांना हे लागू होत नाही. मधुमेह असेल तर तर नाहीच. तिथं आधी वजन, चालणं आणि साखर.

डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेत, मध्यम टप्प्याला, ‘सी’, जस्त वगैरेंबरोबर ४०० आययू ‘ई’ असलेल्या मिश्रणानं आजार पुढे सरकण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटलं. हे नेत्रतज्ज्ञानं तपासून ठरवायचं. मोतीबिंदूचा याच्याशी संबंध नाही.

गरोदरपणाशी ‘ई’चं नातं जुनं. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना हा घटक सापडला, तो गाभण उंदरांच्या पोटातली पिल्लं त्याच्याशिवाय जगत नाहीत यावरूनच. त्यातून गर्भ टिकवणारी गोळी अशी ख्याती झाली. बायकांवरच्या चाचण्यांत मात्र नेहमीचं ‘ई’ देऊन रक्तदाबाची गुंतागुंत किंवा बाळाचे मृत्यू कमी झालेले नाहीत. सासू-नणंदेच्या सल्ल्यानं सुरू करू नका. लोह आणि फोलिक अ‍ॅसिड न चुकता घ्या.

केस आणि पायातले गोळे: पुरावा फार तोकडा. व्रणावर कॅप्सूल फोडून लावल्यानं व्रण सुधारतो असं नाही, उलट बऱ्याच जणांना त्यानं पुरळ आणि खाज येते. चेहऱ्याला लावायचंच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस थांबा. लाल झालं तर तिथंच सोडून द्या.

तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, निपाणीच्या पट्ट्यात तर नक्कीच. फिनलंडमधल्या २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज ५० मिलिग्रॅम ‘ई’ दिलं. फुप्फुसाचा कर्करोग टळला नाही, आणि मेंदूत रक्तस्रावाचे मृत्यू घेणाऱ्यांत जास्त झाले. कॅप्सूल घेऊन विडी चालू ठेवण्यानं काहीही भरून निघत नाही.

आठवी पायरी: कोणी थांबायचं

‘ई’चा मोठा डोस रक्त गोठण्याच्या क्रियेत आडवा येतो, विशेषतः ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल (बरेच जण याला ‘अ‍ॅसिट्रॉम’ म्हणून ओळखतात), अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल नको. हृदयाची झडप बदललेल्यांनी तर विशेष जपावं. आधीपासून घेत असाल तर पुढच्या आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या) तपासणीच्या वेळी पट्टी सोबत न्या आणि कधीपासून घेताय तेही सांगा. वजन कमी करण्याची ऑर्लिस्टॅट गोळी घेणाऱ्यांत उलटं होतं, चरबीबरोबर ‘ई’ही शोषलं जात नाही.

वरची मर्यादा अमेरिकेत दिवसाला १००० मिलिग्रॅम धरली आहे, युरोपात ३००. आम्ही युरोपची धरा असं म्हणू. दोन-तीन औषधांत मिळून ‘ई’ येत असेल, म्हणजे मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी आणि ही हिरवी कॅप्सूल, तर तिन्हींचे आकडे कागदावर लिहून बेरीज करा.

हिरड्यांतून रक्त, न लागताच अंगावर निळे डाग, काळी शी, अचानक तीव्र डोकेदुखी, यातलं काही दिसलं तर कॅप्सूल बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल, मग ती दाढ काढण्याएवढी छोटी का असेना, तारीख ठरतानाच डॉक्टरांना कॅप्सूलबद्दल सांगा. किती दिवस आधी थांबवायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या.